मोमोतारोच्या जुन्या पुस्तकातलं मूळ चित्र आज कुठे बघायला मिळेल?

बहुधा कुठेच नाही. हासेगावा ताकेजिरो यांनी १८८५ पासून जपानी लोककथांची इंग्रजी पुस्तकं काढली. पहिलंच मोमोतारोचं, म्हणजे पीचमधून निघालेल्या पोराचं. चित्रं कोबायाशी एइताकु यांची. पण छपाई लाकडी ठशांची. पातळ कागदावरचं शाईचं रेखाचित्र फळीवर पालथं चिकटवायचे आणि कोरणारा त्या रेघांवरूनच सुरी चालवायचा. चित्र तिथेच संपलं! रंगांसाठी ठसे वेगळे. पुढे छापलेला कागद दाबून दाबून चुरगळवायचे. तो आक्रसून क्रेपच्या कापडासारखा मऊ व्हायचा. तेव्हा कुणी ‘मूळ चित्र’ म्हणून विकत असेल तर जरा सांभाळून. बोटांना बारीक सुरकुत्या लागल्या, तर ते पुस्तकातलं छापील पान असणार. मला तर तेच जास्त आवडतं.