आर्वीकडच्या रोडवर रोज चालवायला तीन सिलिंडरची बाईक खरंच दोन किंवा चार सिलिंडरवालीपेक्षा भारी का?

हो भाऊ, भारीच, दोनवाल्याचा खालचा जोर (इंजिन हळू फिरतानाचा) अन् चारवाल्याची वरची धाव (इंजिन जोरात फिरतानाची) दोन्ही बऱ्यापैकी एकाच इंजिनात भेटते. गॅरेजवर काम करतो म्हणून तिन्ही चालवल्या आहेत. ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपलच्या ७६५ सीसी इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पिन १२० अंशांवर, त्यामुळं क्रँक दर २४० अंश फिरला की एक फायरिंग (सिलिंडरात पेट्रोलचा भडका), सारख्या अंतरानं, तो गुरगुरता आवाज त्याचाच (अर्धे गिऱ्हाईक तं आवाजावरच फिदा). पुढं कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली असली तं गिअर न पाडता तिसऱ्यातच ॲक्सिलेटर पिळा, निघते गाडी. फक्त मे महिन्यात ४५ डिग्रीत, गावातून हळू जाताना इंजिन थंड करणारा फॅन सुरू झाला की मांड्या भाजतात, चारवालीतही तेच, पण उन्हाळ्यात दुपारी रोजचं जाणं असंल तं आधी विचार करा.