सेनादलांना आपले उपकरण कसे विकावे?

प्रश्न : आम्ही चौघा अभियंत्यांनी यंत्राच्या कंपनांवरून बिघाड आधीच ओळखणारे उपकरण बनवले आहे आणि काही कारखान्यांत ते चालू आहे. लष्करी वाहनांनाही ते उपयोगी पडेल असे वाटते. पण तिथे आमची ओळख नाही आणि निविदांमध्ये मोठ्या उलाढालीची अट असते. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : निविदेपासून तर मुळीच करू नये. २०१८ साली सुरू झालेल्या ‘आयडेक्स’ योजनेत सेनादले आपल्या अडचणी आव्हानांच्या रूपाने जाहीर करतात आणि निवडलेल्या नवउद्योगाला नमुना घडवण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मात्र तेवढाच वाटा स्वतःही उभा करावा लागतो. हा नमुना चाचण्यांत उतरला, तर पुढील खरेदीसाठी २०२० च्या संरक्षण खरेदी नियमावलीत स्वतंत्र वाट आहे.

परंतु अर्ज भरण्याआधी अडचण प्रत्यक्ष पाहावी, असे मला मनापासून वाटते. चिलखती वाहनांची मोठी दुरुस्ती करणारे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप तुमच्या जवळच, खडकीला आहे. उद्योगांशी संपर्कासाठी लष्कराने २०१६ साली आर्मी डिझाइन ब्युरो स्थापन केला. त्यांना दोन पानांचे पत्र लिहून, विक्रीचा शब्दही न काढता, केवळ दुरुस्तीची पद्धत समजून घेण्यासाठी या वर्कशॉपची भेट मागावी. कोणता भाग वारंवार निकामी होतो, हे तिथला हवालदार नेमके सांगेल.

उपकरणही बदलावे लागेल. कारखान्यात उत्तम चालणारा डबा शीतकक्षात ठेवल्यावर काय होते, ते मी पाहिले आहे : संवेदक ठीक होता, पण पडद्यावरचे आकडे इतके सावकाश बदलू लागले की वाचणे निरर्थक ठरले, आणि जाड हातमोजा घालून दाबताना एका बटणाऐवजी दोन बटणे दाबली जात होती. लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांना लागू असणारे ‘जेएसएस ५५५५५’ हे मानक उष्णता, थंडी, धूळ, हादरे अशा सगळ्यांत उपकरणाचा कस लावते, म्हणून रचना पक्की करण्यापूर्वीच ते वाचावे.

शेवटी पैशाचे. लष्करी चाचण्या बहुधा ‘विनाखर्च, विनाबांधिलकी’ तत्त्वावर होतात, म्हणजे उपकरण, माणसे आणि वाहतूक सारे तुमच्या खर्चाने, आणि नंतर मागणी येईलच असे नाही. यात वर्षे जातात. तोवर पगार कारखान्यांच्या कामातूनच निघायला हवेत. ती गिऱ्हाइके सोडू नका.