बेसबॉलच्या गेममध्ये एकाच खेळाडूचं करिअर खेळायचं असेल तर कोणता गेम घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: क्रिकेटच्या गेममधला करिअर मोड खेळून झाला, आता बेसबॉलमध्ये तसाच एक खेळाडू शून्यापासून घडवायचाय. घरी साधा पीसी आहे, नाशिकमध्येच एक जुना पीएस४ स्वस्तात मिळतोय, आणि रात्री तासाभराच्या वर वेळ नसतो. गोल्फ क्लब मैदानावर तुम्ही लेगस्पिन टाकता, म्हणून इथेही बॉलरच, म्हणजे पिचर व्हायची इच्छा आहे.

पीसीचं आधी सांगतो, कारण तिथे निराशाच आहे. ‘एमएलबी द शो’ (एमएलबी म्हणजे अमेरिकेची मोठी बेसबॉल लीग) ही मालिका पीसीवर कधीच आली नाही. ‘सुपर मेगा बेसबॉल ४’ (२०२३) पीसीवर मिळतो आणि हाताला फार छान लागतो, पण त्यात अख्खा संघ चालवायचा असतो, एका खेळाडूचं करिअर नाही. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’मध्ये तुम्ही मॅनेजर असता, करार, ट्रेड म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, आकडेवारी सगळं आहे, बॅट मात्र हातात येत नाही. टू-के कंपनीच्या मालिकेत २०१० पासून ‘माय प्लेयर’ होता. डबल-ए या खालच्या लीगपासून सुरुवात (तिच्या वर ट्रिपल-ए, मग मोठी लीग), दर वेळी बॅटिंगला आलात की छोटं लक्ष्य, ते साधलं की पॉइंट. कल्पना चांगली होती. पण पीसीची शेवटची आवृत्ती २०१२ ची, मालिकाच २०१३ ला थांबली, आणि आता फक्त जुन्या डिस्क उरल्यात. त्यांच्यामागे लागू नका.

म्हणजे खरी तुलना एका खेळाडूच्या करिअरच्या दोनच मोडची: ‘द शो’मधला ‘रोड टू द शो’ आणि कोनामीच्या ‘पॉवर प्रोज’मधला ‘सक्सेस’.

‘सक्सेस’मध्ये तुम्ही बॉलपेक्षा दिवस जास्त खेळता. प्रत्येक पाळीला ठरवायचं: आज पळायचं, बॅटिंगचा सराव करायचा, कर्व्हबॉल घोटायचा की आराम करायचा. ताकद, चपळाई, तंत्र यांचे गुण वेगवेगळे साठतात आणि ते खर्चून कौशल्य विकत घ्यायचं. सराव केला की दम उतरतो. दम तळाला गेलेला असताना आणखी एक सराव रेटला की दुखापत, आणि दुखापतीत बरेच दिवस वाया जातात. नवखे लोक इथेच फसतात. दम निम्म्यावर आला की आराम घ्यायचा, हा नियम ठेवला तर बहुतेक खेपा सुरळीत पार पडतात. प्रशिक्षकाची मर्जीही सांभाळावी लागते, नाहीतर सामन्यात उतरवतच नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंतची एक खेप काही तासांत संपते आणि तयार झालेला खेळाडू बाकीच्या मोडमध्ये वापरता येतो. रचना म्हणून मला हा मोड बेसबॉल गेममधला सगळ्यात हुशार वाटतो. अडचण भाषेची आहे. इंग्रजीत ‘एमएलबी पॉवर प्रोज’ २००७ आणि २००८ ला आला, तोही अमेरिकेत, निन्टेंडो वी आणि पीएस२ सारख्या जुन्या मशीनसाठी. पीएस४ वर २०२४ ची आवृत्ती आहे, पण संपूर्ण जपानी, आणि ‘सक्सेस’ म्हणजे पानोपानी संवाद. २०२३ चा ‘डब्ल्यूबीएससी ईबेसबॉल’ इंग्रजीत आणि अगदी स्वस्त आहे, पण त्यात ‘सक्सेस’ नाही. नाव पाहून घेऊ नका.

त्यामुळे तुमच्यासाठी ‘रोड टू द शो’. पीएस४ घेणार असाल तर नीट लक्षात ठेवा: पीएस४ वर शेवटचा आलेला ‘द शो २४’. हायस्कूल आणि कॉलेजपासून सुरू होणारं करिअर ‘द शो २५’मध्ये आलं, आणि तो पीएस४ वर नाही, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज किंवा स्विच लागतं. ‘२४’ ची जुनी डिस्क घ्यायची तर त्या वर्षाचे सर्व्हर चालू आहेत का ते आधी बघा, कारण खेळाडूची ताकद वाढवणारी इक्विपमेंट कार्डं खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारातून येतात. डिस्कसोबत कोड असेल तर तो तुमच्या पीएसएन (प्लेस्टेशनच्या ऑनलाइन) खात्याच्याच देशाचा हवा, नाहीतर वाया.

आता माझ्या मते गेमच्या निवडीइतकाच महत्त्वाचा मुद्दा: जागा कोणती घ्यायची. मोठ्या लीगचा सीझन १६२ सामन्यांचा असतो. बॅटर झालात तर सामन्यात चारेक वेळा बॅटिंग आणि तुमच्याकडे येणारे बॉल, एवढंच खेळायचं. दहा-पंधरा मिनिटांत सामना संपतो. स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा, पाच दिवसांतून एकदा उतरतो, म्हणजे सीझनला तीसेक सामने, पण प्रत्येकात ९० च्या आसपास पिच, म्हणजे टाकलेले बॉल. तुमचा तास तिथेच संपतो. क्लोजर शेवटची एक इनिंग टाकतो, पंधरा-वीस पिच. तासाभराच्या बेतात बॅटर किंवा क्लोजर बसतो. दोन्ही करणारा टू-वे खेळाडू घेऊ नका. गुण दोन्हीकडे वाटले जातात आणि डबल-एमध्येच रखडायला होतं.

पिचरच व्हायचं असेल तर ‘पिनपॉइंट’ पद्धतीत उजव्या स्टिकने प्रत्येक पिचचा आकार रेखाटायचा असतो. जुन्या पीएस४ च्या कंट्रोलरची स्टिक स्वतःहून सरकत असेल तर आकार बिघडतो आणि बॉल मधोमध लटकतो. घेण्याआधी दुकानात मेनूमध्ये स्टिक सोडून बघा, कर्सर हलतोय का. हलत असेल तर ‘मीटर’ पद्धत लावा. बॅटिंगलाही तेच: ‘झोन’ऐवजी ‘डायरेक्शनल’, त्यात नेम धरावा लागत नाही, वेळ साधली की पुरे.

वेळ साधण्यासाठी टीव्हीचा गेम मोड चालू हवाच. ताशी दीडशे किलोमीटरचा फास्टबॉल प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. टीव्हीने त्यातलं ०.१ खाल्लं तर तुमचा प्रत्येक स्विंग, म्हणजे बॅटचा फटका, उशिरा पडणार आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसणार. कॅमेरा ‘स्ट्राइक झोन’वर ठेवा. प्रत्येक स्विंगनंतर लवकर की उशीर ते स्क्रीनवर येतं, ते वाचायची सवय लावा. सलग उशीर दिसतोय तर टीव्ही तपासा. फास्टबॉलला बरोबर आणि चेंजअपला (फास्टबॉलसारखा टाकलेला हळू बॉल) लवकर असं दिसत असेल तर टीव्ही ठीक आहे, तुम्ही बॉल ओळखायच्या आधी फिरवताय.

क्रिकेटवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे प्रत्येक बॉल खेळणं. दोन स्ट्राइक झाले (तिसऱ्याला बाद) की पिचर बाहेर निसटणारा खालचा स्लायडर टाकतो, आणि बॅट फिरते. तो सोडायचा. स्ट्राइक झोनबाहेरचे असे चार बॉल सोडले की फुकट बेस. .३०० ची सरासरी म्हणजे दहातले सात वेळा बाद होऊनही उत्तम बॅटर, हे डोक्यात बसलं की हात आपोआप शांत होतो.

काठिण्य ‘रूकी’पासून सुरू करा, सरासरी .४०० च्या वर टिकली की एक पायरी चढा. पहिला सीझन ‘सिम’ करून, म्हणजे सामने न खेळता गेमकडूनच आपोआप निकाल लावून, उडवू नका. सिममध्ये निकाल तुमच्या गुणांवरून लागतो, आणि सुरुवातीला गुणच नसतात. आकडे खराब येतात आणि ट्रिपल-एचं बोलावणं लांबतं. तिथे पोचल्यावरही वरच्या संघात तुमच्या जागेवर एखादा मोठा खेळाडू पक्का बसला असेल तर एजंटशी बोलून ट्रेड मागा.