पैठणी परत करताना

लालबाग, बुधवार रात्र

प्रिय मुली,

तुझा रविवारचा मेसेज तीनदा वाचला. मोबाइलवर अंगठ्याने उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

तर तुझ्या पेशंट काकू. फीमेल मेडिकल वॉर्डात नऊ नंबर बेडवर सतरा दिवस होत्या. तू त्यांचं अंग पुसलंस, वेणी घातलीस, घरचं कुणी फिरकलं नाही त्या दिवशी आपल्या डब्यातली भाकरी दिलीस. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी पैठणी पुढे केली, तू नको नको म्हणत घेतलीस. फोन नंबरही दिलास. आता रात्री अकराला 'लेकी, झोपलीस का' येतं, रिपोर्टांचे फोटो येतात, आणि परवा भाच्याचा बायोडाटा आला. (बेस्टमध्ये आहे म्हणतेस. असेल बिचारा चांगला.)

'यात माझं काय चुकलं सिस्टर, पेशंटवर माया करा असं तुम्हीच शिकवलंत ना?' शिकवलं, आणि आजही तेच शिकवेन. पण मेसेजच्या शेवटी तू एक ओळ सहज लिहून गेलीस. काकूंना उठल्यावर गरगरतं म्हणून तू त्यांना बीपीची गोळी अर्धी घ्यायला सांगितलीस. पैठणीचं बघू नंतर. मला झोप लागली नाही ती त्या अर्ध्या गोळीने.

वॉर्डात असतीस तर काय केलं असतंस? आडवं आणि उभं, दोन्ही बीपी मोजलं असतंस. हाऊसमनला, म्हणजे वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरला, बोलावलं असतंस, त्याने ऑर्डर लिहिली असती, तू वेळ टाकून सही केली असतीस, इव्हिनिंगवालीला ओव्हर देताना सांगितलं असतंस. त्या एका गोळीवरून तिघांची नजर फिरली असती. फोनवर तू एकटी. उद्या काकू बाथरूममध्ये पडल्या, किंवा बीपी चढून बसलं, तर ओपीडीतल्या डॉक्टरला गोळी अर्धी झाल्याचं कळणारही नाही. काकू सांगायच्या नाहीत, लेकीचं नाव कशाला मध्ये आणायचं म्हणून. म्हणजे तुझ्या मायेनेच त्यांचं तोंड बंद झालं की नाही?

तेव्हा हे पत्र वाचून झालं की आधी फोन कर. 'काकू, मी चुकीचं सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलेला डोसच घ्या, आणि उद्या सकाळी ओपीडीला येऊन गरगरतंय ते त्यांना दाखवा.' लाज वाटेल, वाटू दे. मग इनचार्ज सिस्टरांनाही सांग. त्या रागावतील. मीही रागावले असते.

आता पैठणी. पेशंट आडवा असतो आणि आपण उभ्या असतो, आणि पुढचं सगळं त्यातून येतं. बेडपॅन मागायचं तर तुझ्याकडे, पाणी तुझ्याकडे, दुखतंय हे सांगायचं तर तुलाच. सुई दोनदा टोचली तरी 'सिस्टर रागावतील' म्हणून लोक गप्प बसतात. ज्याला आपल्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याचं 'घ्या हो' खरं मनापासूनचं की भिडेपोटी, हे ओळखायचं कसं? भीड भिकेची बहीण म्हणतात ना, वॉर्डात ती पेशंटच्या उशाशीच बसलेली असते. आणि शेजारच्या दहा नंबरवाल्या आजींनी पैठणी दिलेली बघितली असेल, तर त्या रात्रभर आपल्याजवळ द्यायला काय आहे याचा हिशेब करत पडल्या असतील.

लेबर वॉर्डात हे उघडं दिसतं. बाळ झालं की कोणीतरी दाराशी 'खुशाली द्या' म्हणून उभं राहतं, आणि मुलगा असेल तर रेट वेगळा. मुलगी झालेल्या बाईला अंगावरचे टाके सुकायच्या आत तिच्या मुलीची किंमत तिथेच कळते. तू असल्या पैशात कधी वाटेकरी होऊ नकोस, आणि 'मावशींचं आहे, आपल्याला काय' असंही म्हणू नकोस. पेढे आले तर ते पॅन्ट्रीत उघडायचे, सगळ्यांनी एकेक खायचा, विषय संपला.

नियम हवा असेल तर तोही आहे. भारतीय परिचर्या परिषदेची परिचारिकांसाठीची आचारसंहिता २००६ सालची आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची त्याहून जुनी, १९५३ची, २०२१ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. दोन्ही वाच. पण परीक्षेत दहा मार्कांना हे सगळं लिहून पास झालेलीही ट्रेनमध्ये बसली की कशी वागते, ते माझ्याकडून ऐक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हॉस्पिटल कुठलं ते राहू दे. मेल मेडिकलला चौदा नंबरवर एक तरुण माणूस होता, एचआयव्हीचा. सरकारचं मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, सुरू झालं २००४ला, तेव्हा त्याच्यासाठी आमच्याकडे सलाइन, अँटिबायोटिक आणि गोड बोलणं एवढंच. वर बेडच्या पायथ्याला लाल अक्षरांची पाटी, म्हणजे भेटायला येणाऱ्या जाणाऱ्याने विचारावं, हे काय? (पाटीचा काही उपयोग नसतो. ग्लोव्हज सगळ्यांसाठी घालायचे, सुया सगळ्यांच्या सारख्याच जपून टाकायच्या. हे आमच्या डोक्यात शिरायला फार वर्षं गेली.)

मॉर्निंग संपवून मी आणि माझी मैत्रीण दुपारच्या ठाणे स्लोमध्ये बसलो. लेडीज डबा, चौथी सीट. मी बोलत होते. नाव घेतलं नाही, त्याचा मला अभिमानही वाटत असावा. एवढंच म्हणाले की बिचारा दादरच्या फुलबाजारात हार करतो, तिसऱ्या मुलीचं बारसं नुकतंच झालंय, आणि आता हे. समोर एक बाई मटार सोलत बसली होती. कुर्ल्याला उतरली.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको वॉर्डात आली ती एकटी, बाळाला न घेता. मला बाजूला नेऊन हळू विचारलं, 'सिस्टर, आमच्या चाळीत कुणी सांगितलं हो? नळावर पाणी भरू देत नाहीत.' आवाज चढवला नाही तिने. मी म्हटलं, मला काय माहीत. खोटं बोलले. दोन रात्री काढल्या आणि मग इनचार्ज सिस्टरांना सांगितलं. त्यांनी मला मेमो दिला नाही, मला वाटलं सुटले. पण त्या मला हाताला धरून चौदा नंबरजवळ घेऊन गेल्या, स्क्रीन लावला आणि म्हणाल्या, 'सांग.' मी सांगितलं. तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, 'पाणी देता का थोडं?'

मी पाणी दिलं. दुसऱ्या कुणाकडे मागणार होता तो?

आता २०१७चा कायदा आहे. त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय एचआयव्हीची माहिती, कायद्यानेच मोकळीक दिलेले प्रसंग सोडले तर, बाहेर काढता येत नाही. २०१८च्या सप्टेंबरपासून तो लागूही झाला. पण ट्रेनची जागा आता मोबाइलने घेतली आहे. तुमच्या बॅचच्या ग्रुपवर परवा बेडसोरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेचा, फोटो फिरत होता, कडेला पेशंटच्या हातातला नावाचा बँड स्पष्ट वाचता येत होता. नर्सिंग स्टेशनवरच्या रील्सचं तर बोलतच नाही. मागे बेडचा बोर्ड असतो, त्यावर नावं असतात, एवढं बघायलाही कुणाला सवड नसते.

मैत्रिणींसाठी करायच्या सह्यांचं एक सांगून ठेवते. मॉर्फिन म्हणजे नशेसाठी चोरलं जाऊ शकणारं वेदनाशामक. त्याची अर्धी अँप्युल वापरली की उरलेली फेकताना रजिस्टरवर दुसरीने साक्षीदार म्हणून सही करायची असते. रात्री दोनला कोणी म्हणेल, 'मी फेकलंय गं, तू फक्त सही कर.' फेकताना बघितलं नसेल तर सही करायची नाही. मैत्रीण चार दिवस बोलणार नाही. न बोलू दे.

तुला वाटेल, सिस्टर म्हातारपणी फारच रुक्ष झाल्या. म्हणून अरुणा शानबागची आठवण काढते. इथून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम हॉस्पिटलमध्ये २७ नोव्हेंबर १९७३ला तिच्यावर हल्ला झाला, आणि त्यानंतर ती अंथरुणातून कधी उठली नाही. ती आपल्यासारखीच स्टाफ नर्स. १८ मे २०१५ला गेली तोपर्यंत तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं, आणि एवढ्या वर्षांत तिला बेडसोर झाला नाही. ही माया कशावर टिकली? ड्युटी लिस्टवर. एक सिस्टर रिटायर झाली की दुसरी आली, कूस बदलायची वेळ चुकली नाही. तिला चालताबोलताना कधी न पाहिलेल्या मुलींनी हे केलं. एकटीने नंबर देऊन, रात्री अकराला उत्तरं देऊन बेचाळीस वर्षं निघत नाहीत गं.

आणि तरीही त्याच गोष्टीत मला एक काटा बोचतो. तिचं अन्न थांबवावं अशी याचिका एका पत्रकाराने केली, तेव्हा ७ मार्च २०११च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली, आणि तिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या लोकांचा मानला. त्या दिवशी आम्ही वॉर्डात पेढे वाटले. आज विचारलंस तर तितक्या खात्रीने वाटेन की नाही, सांगता येत नाही. जिने तिला भरवलं तिलाच तिच्या मनातलं ठाऊक, हे मी तेव्हा धरूनच चालले होते. तिला स्वतःला काय हवं होतं हे विचारायची सोयच नव्हती. २०१८ला कोर्टाने, शेवटी उपचार कुठवर करावेत याची इच्छा जिवंतपणी लिहून ठेवायला मान्यता दिली. तू कधी अशा पेशंटजवळ असशील तर आधी तो कागद आहे का विचार, आपल्याला काय वाटतं ते मागाहून.

शिवाय अरुणावर हल्ला झाला तो ती कपडे बदलायला गेली होती तिथे, हेही विसरू नकोस. आपल्या अंगाचीही एक हद्द असते. कुणी पेशंट मुद्दाम हात धरत असेल तर 'आजारी आहे बिचारा' म्हणून गिळायचं नाही. हात सोडवायचा, मोठ्याने नाव घेऊन सांगायचं, लेखी द्यायचं, आणि पुढच्या वेळी ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, सोबत न्यायचं.

काकूंना काय सांगायचं ते विचारलंस ना? ओपीडीला येतील तेव्हा इनचार्ज सिस्टरांसमोर सांग: 'काकू, तुमची माया पोचली. पण साडी ठेवली तर उद्या तुम्हाला ओरडून औषध द्यायला माझी जीभ रेटणार नाही. ही तुमच्या नातीला नेसवा. तब्येतीचं काही असलं तर इथे या, मी नसले तरी इथली कुणीही बघेल.' रडतील थोड्या. तू बस जवळ. भाच्याचं मात्र सरळ नाही म्हणून टाक. तुला तो खरंच आवडलाच तर आईला मध्ये घाल, काकूंचे उपचार पूर्ण होऊ देत, मग बघा.

पैठणी नेताना दुकानाची पिशवी नको, कापडी घे. नाहीतर रंग कुठला म्हणून इनचार्जपाशी पोचेपर्यंत दहा जणी उघडून बघतील, आणि मग काठावर चहा सांडलेली साडी परत द्यायची वेळ येईल.

तुझी,
सिस्टर