लग्न न करता झालेल्या मुलीचा ताबा आणि खर्च कोर्टातून मिळतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की लग्न झालेलं नाही, मुलगी तीन वर्षांची आहे, तिचा बाबा एक पैसा देत नाही आणि वर मुलगी घेऊन जाईन म्हणतो. आधी घाबरणं सोडा. तुम्ही हिंदू असाल तर 1956 च्या पालकत्व कायद्यात अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आईच, बाप नंतर. त्यालाही कोर्टात ताबा किंवा भेट मागता येते, पण जज बघणार मुलीचं हित, आणि परस्पर उचलून नेणं हा मार्गच नाही.

खर्चासाठी आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (CrPC) 125 कलम होतं, जुलै 2024 पासून तेच तिच्या जागी आलेल्या नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की आईबापाचं लग्न झालेलं असो वा नसो मुलाला पोटगी मिळते. पोटगी मुलीच्या नावाने मागायची, आणि अर्जासोबतच अंतरिम पोटगीही मागाच, नाहीतर निकाल लागेपर्यंत खर्च तुमच्याच अंगावर. दोघांनाही कमाईचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं. तो बाप असल्याचंच नाकारेल तर डीएनए टेस्टची मागणी करता येते, पण त्याआधी जन्मदाखला, त्याचे मेसेज, डिलिव्हरीच्या वेळी हॉस्पिटलच्या फॉर्मवर त्याने केलेली सही, जीपेचे स्क्रीनशॉट, बालवाडीच्या फीच्या पावत्या हे सगळं एका फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा, खरंच फार उपयोग होतो.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मुंबईत असाल तर फॅमिली कोर्ट बांद्र्याला आहे.