नक्षी शाबूत, तरी टायर जुना

प्रश्न : माझी गाडी 2018 ची. यजमान गेल्यापासून मीच चालवते. राजेंद्रनगरहून राजवाडा, क्वचित उज्जैन. आजवर जेमतेम 21,000 किलोमीटर झालेत. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला नाशिकला गाडीनंच जायचंय. पंक्चरवाला म्हणतो, टायरमध्ये भरपूर माल आहे. मुलगा म्हणतो, पाचही बदल. हा खर्च खरंच हवा का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. पंक्चरवाला नक्षी बघून बोलतोय आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच आहे. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बाद. तुमची त्याहून बरीच जास्त असणार. पण टायर झिजण्याआधी म्हाताराही होतो. ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करत राहतात. त्यापासून जपायला रबरात मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीच्या टायरला ते कमी मिळतं. म्हणजे कमी चालवलेल्या गाडीचे टायर जपले जातात, असं धरून चालू नका.

वय टायरवरच लिहिलेलं असतं. ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे 2418 असतील, तर तो 2018 च्या चोविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये बनला. बाहेरच्या बाजूला हे आकडे दिसले नाहीत, तर ते आतल्या बाजूला असतील. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा, मागच्यांसाठी मुलाला टॉर्च घेऊन वाकायला लावा. मग नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि कडेच्या भिंतीवर बारीक चिरा आहेत का, तेही पाहा. कुठे फुगा आलेला दिसला, तर आतले धागे तुटलेत असं समजा. त्या टायरवर उज्जैनलाही जाऊ नका.

बरेच टायर उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षं वापर, असं सांगतात. काही गाडी उत्पादक सहा वर्षांतच बदला म्हणतात. मी इंदूरमध्ये तीस वर्षं गॅरेज चालवलं. आपल्याकडचा उन्हाळा पाहता लांबच्या प्रवासाला मी सहा वर्षांच्या वरचा टायर घालू देत नाही.

याला कारण माझीच एक चूक आहे. अशाच मे महिन्यात धुळ्याला निघालो होतो. चारही टायर नवे. स्टेपनी मात्र अकरा वर्षांची, रस्त्याला कधी न लागलेली, दिसायला कोरी. सेंधव्यापाशी पंक्चर झालं म्हणून ती चढवली. बिजासन घाट उतरून शिरपूरकडे जाताना तिची नक्षी सालीसारखी सोलून निघाली. शेजारी बायको बसलेली. गाडी कशीबशी कडेला आली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. मुलगा ‘पाचही’ म्हणतो, ते अगदी योग्य आहे.

नवे घेताना दुकानात चार आकडे स्वतः वाचा. मापासोबत छापलेला भाराचा अंक, समजा 88, त्याहून कमी घेऊ नका. हवा निघण्याच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. वाटेत टायर तापून दाब वाढलेला दिसला, तरी हवा सोडू नका. कमी हवेचा टायर आणखी तापतो.

आणि जुन्यांतला ‘त्यातल्या त्यात बरा’ टायर स्टेपनीसाठी ठेवून घेऊ नका. पाचही दुकानातच सोडून या.