नॅनोचा बुश घ्यावा का?

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बियाणं सोडणारा शाफ्ट नायलॉनच्या बुशांत फिरतो. सोयाबीनची पेरणी आटोपेपर्यंत बुश इतके ढिले होतात, की शाफ्ट खडखड करतो अन् बी कुठं दाट, कुठं विरळ पडतं. दुकानदार म्हणतो, ‘नॅनो पावडरचा बुश घ्या भाऊ, मशीन विकाल पण बुश बदलणार नाही.’ किंमत तिप्पट सांगतो. घ्यावा काय?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

प्लॅस्टिकमध्ये नॅनो कण मिसळले की झीज कमी होते, हे खरं. हे कण इतके बारीक, की ते नॅनोमीटरमध्ये मोजतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. टेफ्लॉनचंच घ्या. गुळगुळीत खरा, पण फार लवकर झिजणारा. घासताना त्याचे पापुद्रे निघतात. त्यात अ‍ॅल्युमिनाचे (म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) योग्य जातीचे नॅनो कण अगदी थोडे, शेकडा 5 पेक्षाही कमी घातले, तर प्रयोगशाळेत त्याची झीज हजार पटीहून जास्त घटलेली आहे. कारण दोन. कणांमुळे भेगा पुढं पसरत नाहीत, म्हणून मोठे पापुद्रे सुटत नाहीत. आणि समोरच्या लोखंडावर प्लॅस्टिकचा पातळ थर घट्ट बसतो. मग प्लॅस्टिक लोखंडावर नाही, प्लॅस्टिकवरच घासतं.

नायलॉनची गोष्ट तर आपल्या मातीशी जुळते. जपानच्या टोयोटा कंपनीच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात नायलॉनमध्ये मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज मिसळलं. त्याचे थर 1 नॅनोमीटर जाडीचे. ते सुटे करून नायलॉनभर पसरवले, तर ताकद वाढली, उष्णता सोसण्याची क्षमताही वाढली. तुमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्या याच जातीच्या खनिजामुळं.

पण हे सगळं गुळगुळीत, स्वच्छ शाफ्टवर. तुमच्या बुशात काय जातं? माती, अन् तिच्यासोबत वाळूचे कण. वाळूतला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, साध्या लोखंडालाही ओरखडे पाडतो. धुळीचा एक बारीकसा कणसुद्धा नॅनो कणाच्या शेकडो पट मोठा असतो. वखराच्या पासेपुढं तिळाचा दाणा काय अडवणार? तो ढेकळासोबतच उखडला जातो. अशा खरवडीत नॅनो कणांचा फायदा फार थोडा. कण नीट न मिसळता गोळे होऊन राहिले असतील, तर तिथूनच तुकडा निघतो आणि साधा नायलॉन बरा ठरतो.

म्हणून तिप्पट पैसे मोजण्याआधी शाफ्ट काढून पाहा. पेरणीनंतर यंत्र गोठ्याच्या कडेला तसंच उभं राहत असेल, तर शाफ्टला गंज चढून खड्डे पडलेले असतील. असा शाफ्ट कानसच. कोणताही बुश खाईल. लेथवाल्याकडून तो साफ करून घ्या, बारीक पॉलिश पेपर मारा, बुशाच्या दोन्ही तोंडांशी नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) वायसर बसवा. उघड्या बुशात ग्रीस कोंबू नका, ते धूळ धरून ठेवतं. हंगाम संपला की शाफ्ट धुऊन, पुसून त्याला तेल लावा. एवढं करूनही झीज थांबली नाही, तरच नॅनोचा विचार करा. तेव्हाही दुकानदाराला विचारा : प्लॅस्टिक कोणतं, कण कशाचे, किती टक्के? नुसतं ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा.

तुलनाच करायची असेल तर एकाच शाफ्टवर एका टोकाला जुन्या जातीचा, दुसऱ्या टोकाला नॅनोचा, असे दोन नवे बुश लावा. सोनाराच्या काट्यावर वजन करून झीज काढू नका. नायलॉन पाणी पितं, पावसाळ्यात वजन वाढतं अन् झीज झाकली जाते. बुश आठवडाभर घरात सुकू द्या, मग व्हर्नियरनं आतला व्यास उभा-आडवा मोजा.

प्रश्न : नॅनो पावडर आणून घरीच नायलॉन वितळवून त्यात मिसळली तर?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : नका. हातानं ढवळून गोळेच होतात. ते फोडायला दोन स्क्रूंचं एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून मळत पुढं ढकलणारं यंत्र, लागतं. शिवाय ही पावडर हवेत उडते आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाते. हौस दांडगीच असेल तर चंद्रपूरला सिपेट या प्लॅस्टिकचं तंत्र शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे, तिथं आधी चौकशी करा.